त्याच जागेवरून, त्याच लेन्सने

माणसाला हौस असावी, पण हौसेलाही डोळे असावेत, असं माझी बायको म्हणते. मी म्हणायचो, फोटोग्राफरला डोळे असतात म्हणूनच तर त्याला हौस असते. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावरून आमच्या घरात तीन वर्षं हा वाद चालला आणि शेवटी मी जिंकलो. हरलो असतो तर फार बरं झालं असतं.

नवाकोरा फुल फ्रेम माझ्या आवाक्यातला नव्हता, म्हणून जुन्याच्या मागे लागलो. जुने कॅमेरे दुरुस्त करून विकणारा एक माणूस बाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर बसतो. अंगात पांढरा कोट, हातात चिमटा, डोळ्याला भिंग. त्यामुळे त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. गेलेला कॅमेरा उठवतो अशी त्याची ख्याती आहे. त्याने काळ्या कापडावर तो डीएसएलआर ठेवला तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू? बारा वर्षांचा जुना, हाताला चांगला भार लागणारा. पकडीचं रबर नव्याने चिकटवलेलं, शटर बदललेलं, सेन्सर साफ केलेला. एका कोपऱ्यावरचा काळा रंग उडून आतला राखाडी धातू दिसत होता, तेवढंच काय ते त्याचं वय.

"सेकंडहँड म्हणू नका," डॉक्टर म्हणाला. "रिफर्बिश्ड आहे."

"फरक काय पडतो?"

"सेकंडहँडचे आजार घेणाऱ्याला नंतर कळतात. याचे मी आधीच बरे केलेत."

मी माझी पन्नासची लेन्स खिशातल्या फडक्याने पुसून त्यावर चढवली आणि डोळा लावला. आजवर मी खिडकीच्या फटीतून बघत होतो आणि कोणीतरी खिडकीच उघडून दिली, असं वाटलं. डॉक्टरचं टेबल, त्याच्या मागची कपाटं, कपाटावरचं घड्याळ, सगळं एकदम मावलं.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाला. "तुमच्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान. तो तुमच्या लेन्समधला मधला तुकडाच घ्यायचा. हा सगळं घेतो. म्हणजे त्याच जागी उभे राहिलात, तीच लेन्स लावलीत, तरी आता फोटोत जागा जास्त मावणार आणि समोरची वस्तू लहान दिसणार. दीड पटीचा फरक आहे. दोन पावलं पुढे जायची सवय लावून घ्या."

"माशाला पोहायला काय शिकवता? वीस वर्षं हेच करतोय."

"शिकवत नाही, सांगून ठेवतो. हातात मुरलेल्या सवयीला डोकं नसतं."

मी हसलो. माझा जुना कॅमेरा बदल्यात त्याच्याच टेबलावर ठेवला आणि मागे वळूनही न बघता जिना उतरलो. घरी बायकोने कॅमेरा हातात घेतला, उडालेल्या रंगावर बोट फिरवलं आणि "दुसऱ्याने टाकलेलं आपण मिरवायचं," एवढं म्हणून परत ठेवला. मी त्या दिवशी कोणाचंच मनावर घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

माझा स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. ओळखपत्रांचे फोटो, समारंभांची कामं, अधूनमधून कोणाच्या मालाची चित्रं, यावर आमचं चालतं. पण त्याशिवाय दर महिन्याला एक काम असायचं आणि त्या कामाचा मला सगळ्यात जास्त गर्व होता. एका तड्याचा फोटो काढायचं काम.

माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, एका शिवणकामाच्या कारखान्यात सुपरवायझर होती. ताई धरून एक्केचाळीस बायका तिथे दवाखान्यांचे गणवेश शिवायच्या. कारखाना तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर. वरच्या दोन मजल्यांवर कागदाच्या रिमांचं गोदाम, अगदी छताला भिडेपर्यंत. खाली तळघर, तिथे कापडाचे ठाण ठेवलेले. त्या तळघराच्या कोपऱ्यातल्या खांबाला वर्षभरापूर्वी तडा गेला. मालकाने इंजिनिअर नेमला. इंजिनिअर म्हातारे, सरळ माणूस, पण दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. तळघराच्या बावीस पायऱ्या उतरणं त्यांना जमायचं नाही. पहिल्यांदा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून उतरले, तेव्हाच म्हणाले, "आता पुन्हा नाही. फोटोवरून बघीन." ताईने माझं नाव सुचवलं.

त्यांनी सुरुवातीला तड्याशेजारी कागदाची मोजपट्टी चिकटवायला सांगितली होती. तळघरातल्या ओलीने ती महिन्यात गळून पडली. मग मीच एक नियम काढला आणि त्यांना तो फार आवडला. त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच लेन्सने. तिपाईचे तीन पाय जिथे टेकायचे तिथे मी जमिनीवर लाल रंगाचे तीन ठिपके दिले. जागा बदलत नाही, उंची बदलत नाही, लेन्स बदलत नाही, मग मोजपट्टी हवी कशाला? मी एकाच मापाची प्रत काढून द्यायचो, इंजिनिअरसाहेब त्या कागदावर तड्याची रुंदी पट्टीने मोजायचे आणि फोटो फाइलमध्ये चिकटवून खाली आकडा लिहायचे. सात महिने आकडा सहा मिलिमीटर होता. साहेब दर वेळी पत्र द्यायचे, 'जैसे थे'.

कॅमेरा हा शब्द त्या नियमात नव्हता. माझ्याकडे तेव्हा एकच कॅमेरा होता, त्यामुळे तो नियमात घालायचं माझ्या मनातही आलं नाही.

आठव्या महिन्यात कारखान्याचं दार अडकायला लागलं. सुताराने दोनदा रंधा मारला, तरी सकाळी खांदा लावल्याशिवाय उघडेना. मागच्या खिडकीची काच कोणी हात न लावता तडकली. ताई मला हसत हसत सांगायची, "दोऱ्याचं रीळ हातातून सुटलं ना टिल्ल्या, की आपलं आपण गडगडत त्या कोपऱ्यात जातं. शोधायला वाकावं लागत नाही." मी पन्नाशीला आलो तरी तिच्यासाठी टिल्ल्याच होतो. आई लवकर गेली, तेव्हापासून मला तिनेच वाढवलं.

ताईची मुलगी त्याच कारखान्यात मशीनवर होती. बावीस वर्षांची, तोंडाने फटकळ, आईसारखीच. ती मात्र हसली नाही. रीळ गडगडलेलं तिने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचं बंद केलं. तिच्या मागोमाग आणखी तेरा जणी घरी बसल्या. मालक भडकला, ताई दोन्हीकडून भरडली गेली.

त्या रविवारी मी ताईकडे गेलो तेव्हा मायलेकींची जुंपली होती.

"साहेबांनी सात वेळा लिहून दिलंय," ताई म्हणत होती. "तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का?"

"साहेब पहिल्या वेळेनंतर खाली उतरलेत का एकदा तरी? कागद बघून लिहितात."

"कागद नाही, फोटो. आणि फोटो तुझा मामा काढतो."

भाचीने माझ्याकडे बघितलं. "मामा, तू सांग. या महिन्याचा फोटो काढ आणि तू स्वतः मला सांग. साहेबाचं राहू दे. तू म्हणालास तर जाईन मी."

"शनिवारी काढतोय," मी म्हणालो. "आणि या वेळी तर नव्या कॅमेऱ्याने. केस नि केस दिसेल."

ताईचा चेहरा उजळला. "बघ. माझा भाऊ खोटा फोटो काढणार नाही," ती मुलीला म्हणाली. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी आणखी एक कप चहा मागितला.

शनिवारी मी तळघरात उतरलो. ओल्या सिमेंटचा आणि कोऱ्या कापडाचा वास. वर मशिनं चालू होती, त्यांची घरघर छतातून खाली झिरपत होती. मी तीन ठिपक्यांवर तिपाई ठेवली, उंची मोजली, पन्नासची लेन्स लावली, दिवा नेहमीच्या कोनात टेकवला. डोळा लावला तेव्हा कडेला बरीच कोरी भिंत दिसली. एक खिळा, जो नेहमी अगदी काठावर असायचा, तो चांगला आत आला होता. मला ते दिसलं. मी मनात म्हणालो, वा, काय ऐसपैस दिसतंय! आणि बटण दाबलं.

सोमवारी साहेबांनी पट्टी लावली. सहा मिलिमीटर. "काय स्वच्छ आलाय हो!" ते म्हणाले. "कडा अगदी कोरल्यासारख्या. नवा कॅमेरा का?" मी सगळी माहिती दिली, वजनापासून शटरपर्यंत. त्यांनी कौतुकाने ऐकली आणि पत्र लिहिलं, 'जैसे थे. काम चालू ठेवण्यास हरकत नाही.' मालकाने ते पत्र माझ्या मागच्या आणि या महिन्याच्या फोटोंसकट कारखान्याच्या दाराला चिकटवलं. संध्याकाळी भाचीचा फोन आला.

"मामा, तू बघितलास ना?"

"बघितला. काही वाढलेलं नाही. जा बिनधास्त."

"बरं. उद्या सगळ्यांना सांगते. बुधवारपासून येतो आम्ही."

मंगळवारी दुपारी एक निवृत्त शिक्षक ओळखपत्राच्या फोटोसाठी आले. स्टुडिओत गिऱ्हाईकाची खुर्ची ठरलेली, माझी जागाही ठरलेली. मी जागेवर उभा राहिलो, बटण दाबलं आणि पडद्यावर बघितलं तर मास्तर एवढेसे. खुर्चीचे पाय दिसतायत, बाजूची कुंडी दिसतेय, मधे कुठेतरी मास्तर.

"काय हो, मी इतका आटलो का?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही नाही सर, कॅमेरा बदललाय. दोन पावलं पुढे यावं लागतं," असं मी म्हणालो आणि माझे पाय तिथेच रुतले.

मास्तरांचा फोटो मी कसा काढला, त्यांना काय बोललो, आठवत नाही. ते गेल्यावर मी दार आतून लावलं. मागच्या महिन्याच्या आणि या महिन्याच्या फोटोच्या प्रती बाहेर काढल्या, टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हीकडे तडा सहा मिलिमीटर. मग खिळ्यापासून तड्यापर्यंतचं अंतर मोजलं. मागच्या महिन्यात नव्वद. या महिन्यात साठ. खिळा काही चालत येत नाही. म्हणजे नव्या फोटोत सगळंच आक्रसलेलं होतं, खिळा, भिंत, खांब, सगळं. एकटा तडा तेवढाच राहिला होता. जुन्या कॅमेऱ्याने तो नऊ दिसला असता. सात महिने तसूभर न हललेला तडा एका महिन्यात दीडपट झाला होता आणि माझ्या कॅमेऱ्याने तो झाकून ठेवला होता.

मी तीनदा मोजलं. चौथ्यांदा पट्टी बदलून मोजलं.

आता मी जे सांगणार आहे ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मी फोन उचलला, ताईचा नंबर लावला आणि घंटी जायच्या आत बंद केला. मला साहेबांचा चेहरा दिसला. त्यांनी माझ्या नियमावर सही केली होती. मालकाचा चेहरा दिसला. वीस वर्षांचा फोटोग्राफर आणि लेन्सचं गणित चुकला, हे सगळ्या गावात होणार. आणि दुसऱ्या दिवशी, बुधवारी, एका मोठ्या कंपनीचा समारंभ होता, ज्या कामासाठी मी हा कॅमेरा घेतला होता. मी स्वतःला समजावलं. तडा महिनाभर वाढूनही इमारत उभीच आहे, दोन दिवसांत काय होतंय? गुरुवारी सकाळी गुपचूप जाऊ, दोन पावलं पुढे सरकून नवा फोटो काढू, साहेबांना म्हणू, आधीचा नीट आला नव्हता. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. माझ्या काठीचीच मला काळजी होती.

बुधवारी मी समारंभात सहाशे फोटो काढले. लोक दाद देत होते. मी हसत होतो आणि दर थोड्या वेळाने फोन काढून बघत होतो, ताईचा काही निरोप नाही ना. निरोप नसला की मला हायसं वाटायचं. असा मी त्या दिवशी अठरा तरी वेळा सुटलो.

गुरुवारी सकाळी साडेनऊला कारखान्याशी पोचलो. दार अर्धवट उघडं होतं आणि सुतार उंबऱ्यापाशी रंधा घेऊन बसला होता. मालक शेजारी उभा.

"तिसऱ्यांदा मारतोय रंधा," सुतार माझ्याकडे बघून म्हणाला. "दार फुगलेलं नाही हो. लाकूड कोरडं ठणठणीत आहे. चौकट खाली बसतेय."

"तू तुझं काम कर," मालक म्हणाला.

माझ्या खांद्यावर तिपाई होती. तिथे उभ्या उभ्याच मला कळलं की आता फोटो काढायला वेळ नाही. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन साहेबांना फोन लावला आणि कॅमेऱ्याचं सगळं सांगितलं. कधी कळलं ते सांगितलं नाही. 

"खिळ्याचं अंतर किती म्हणालात?"

"साठ. आधी नव्वद होतं."

"आणि दार?"

"सुतार म्हणतोय, चौकट बसतेय."

"सगळ्यांना बाहेर काढा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू होता की मला फोन कानात दाबावा लागला. "मशिनं बंद करा आधी. कोणाला पळू देऊ नका, जिन्यावर आणि जमिनीवर धाडधाड पावलं नकोत. मी निघालो."

मी परत आलो. मालकाने माझा हात धरला. "काय झालं? आत काय काम आहे?"

"सगळ्यांना बाहेर काढायचंय. साहेब येतायत."

"हे काय लिहिलंय मग?" त्याने दारावरच्या पत्रावर थाप मारली. "सोमवारचंच आहे. आणि हा फोटो तुमचाच ना?"

"माझाच आहे," मी म्हणालो. "चुकीचा आहे."

 मी त्याच्या बाजूने आत गेलो.

आत चार रांगांत मशिनं भरधाव चालली होती. घरी बसलेल्या सगळ्या परत आल्या होत्या, एखाद-दुसरी सोडली तर खुर्ची रिकामी दिसत नव्हती. ताई मधल्या वाटेत एकीच्या हातातली कॉलर उलटून बघत होती. मी तिच्या कानाशी वाकलो. "ताई, फोटो चुकला. तडा वाढलाय. सगळ्यांना बाहेर ने, हळू."

 तिने माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं, कॉलर खाली ठेवली, भिंतीशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला.

चाळीस मशिनं एकदम गप्प झाली. वर्षभर त्या खोलीत कामाच्या वेळी अशी शांतता कोणी ऐकली नव्हती. बायकांनी माना वर केल्या, कोणीतरी म्हणालं, "काय गं, वीज गेली?" आणि तेव्हा ते ऐकू आलं. खालून, कोपऱ्याकडून. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. सुकं लाकूड मोडावं तसा बारीक आवाज. तो केव्हापासून येत होता कोणास ठाऊक; मशिनांच्या घरघरीत तो कोणालाच ऐकू आला नसता.

काही सांगावं लागलं नाही. बायका उठल्या. कोणाच्या तरी मांडीवरची कात्री पडली आणि सगळ्या दचकल्या. ताई दारात उभी राहिली, प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून पुढे ढकलत होती आणि तोंडाने मोजत होती. "हळू. पळायचं नाही. सोळा. सतरा. डबा राहू दे गं, डब्याने काय होणार आहे? अठरा." मालक सुतारासोबत केव्हाच रस्त्यापलीकडे गेला होता.

"एकोणचाळीस," ताई म्हणाली आणि थांबली. "मी चाळीस." तिने रिकाम्या खोलीकडे पाहिलं. "माझी कुठाय?"

रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं, "ती खाली गेलीय! मघाशी दारावरचा दुसरा फोटो काढून घेऊन गेली, बघून येते म्हणाली."

ताई वळली, पण मी तिच्या आधी जिन्याशी होतो. बावीस पायऱ्या मी पंजांवर उतरलो. दिवा चालू होता. भाची खांबासमोर उभी होती, एका हातात माझा जुना फोटो, मागच्या महिन्याचा, आणि दुसऱ्या हातात शिंप्याचा चपटा खडू. खांबाच्या पायथ्याशी पांढऱ्या भुकटीचा छोटा ढीग साचला होता. शनिवारी तो नव्हता.

"मामा," ती वळून न बघता म्हणाली, "हा खडू बघ. अख्खा आत जातोय. मागच्या महिन्याच्या फोटोत तर एवढा नव्हता. आणि या महिन्याच्या फोटोत पण तेवढाच होता. माझंच काहीतरी चुकतंय का?"

"तुझं नाही चुकत," मी म्हणालो. "खडू राहू दे आत. हात दे मला."

मी तिचा हात धरला.  वर चढताना आमच्या पाठीमागे पुन्हा तो आवाज आला आणि या वेळी त्याच्यामागून वाळू सांडल्यासारखं काहीतरी बराच वेळ सांडत राहिलं. तिची बोटं माझ्या हातात आवळली गेली. एक लेकरू माझ्या भरवशावर त्या खोलीत आलं होतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ताई दारातच होती, बाहेर गेलेली नव्हती. आम्हाला बघून तिने पाठ फिरवली आणि आमच्या पुढे रस्ता ओलांडला. समोरच्या दुकानांच्या पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या. कोणी रडत होतं, कोणी मला आशीर्वाद देत होतं. "भाऊ आलात म्हणून वाचलो हो," एक म्हातारी म्हणाली आणि तिने माझ्या दंडाला हात लावून तो हात आपल्या कपाळाला लावला.

ताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. भाचीचा हात अजून माझ्या हातात होता.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

'आत्ता सकाळी' हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. कोणी तपासायला येणार नव्हतं. साहेबांनाही माहीत नव्हतं. पण त्या बाईने माझं लहानपणी नखं कापण्यापासून सगळं केलंय; माझा चेहरा तिला पट्टी लावून मोजावा लागत नाही.

"मंगळवारी," मी म्हणालो.

"मंगळवारी कधी?"

"दुपारी."

 ती फार हळू म्हणाली, "काल सकाळी ही उंबऱ्याशी अडली होती. आत यायचं नाही म्हणाली. मी हाताला धरून ओढत नेलं हिला. तुझा फोटो दाखवून."

 तिने माझ्या हातातून भाचीची बोटं एकेक करून सोडवली, तिला आपल्या बाजूला घेतलं आणि दोघी तिथून निघून गेल्या.

इमारत त्या दिवशी पडली नाही. साहेबांनी तासाभरात ती बंद करायला लावली. शनिवारी दुपारी तो कोपरा आधी बसला आणि मग वरचे दोन मजले कागदासकट त्यावर आले. धूळ संध्याकाळपर्यंत खाली बसली नाही. आत कोणी नव्हतं. साहेबांनी सगळा दोष स्वतःच्या पत्रावर घेतला. लोक मात्र अजून मला वाटेत थांबवून सांगतात की एक्केचाळीस जणींचा जीव तुमच्यामुळे वाचला. ताईने मंगळवारची गोष्ट कोणालाच सांगितली नाही, भाचीनेही नाही. त्यांनी ती गावभर केली असती तर मला झोप तरी लागली असती.

दोन महिन्यांनी मालकाने दुसरीकडे जागा घेतली. नव्या जागेत ओळखपत्रं लागणार होती, म्हणून सगळ्या जणींना फोटो काढायला माझ्याकडे पाठवलं. दोन दिवस स्टुडिओत नुसती गर्दी. प्रत्येकीला मी खुर्चीवर नीट बसवलं, दोन पावलं पुढे गेलो आणि फोटो काढला. यादीत एक्केचाळीस नावं होती. मी एकोणचाळीस फोटो काढले. उरलेले दोन पुढच्या चौकातल्या दुसऱ्या स्टुडिओतून काढून आले.